कीडनियंत्रणातील निरीक्षणाचे स्थान

मराठीत ‘कीटक’ आणि ‘कीड’ हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. व्यवहारात त्याने फारसे अडत नाही. परंतु शास्त्रीय विचारात ह्या दोन शब्दांची गल्लत होऊन चालत नाही. ‘कीटक’ ही प्राणिशास्त्रातील संज्ञा आहे. ज्याच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग पडतात व ज्याला पायांच्या तीन जोड्या असतात, अशा संधिपाद प्राण्यास आपण कीटक म्हणतो. ‘कीड’ ही संज्ञा मात्र प्राणिशास्त्राची नव्हे. ती मनुष्याच्या अर्थव्यवहारातून उत्पन्न झालेली आहे. कोणताही कीटक जन्मतःच कीड नसतो. विशिष्ट पिकावर, विशिष्ट काळी आणि विशिष्ट संख्येत तो आढळला, म्हणजेच तो कीड ठरतो.

ह्याचे सोपे उदाहरण लिंबाच्या झाडावर पाहावयास मिळते. लिंबावरील फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. त्यातून निघणारी अळी आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळीपांढरी दिसते आणि मोठी झाल्यावर पानाच्याच रंगाची, हिरवी होते. रोपवाटिकेतील वीतभर रोपावर अशा तीन-चार अळ्या असल्या तर ते रोप काही दिवसांत निष्पर्ण होते. त्याच अळ्या दहा वर्षांच्या वाढलेल्या झाडावर असल्या तर त्या झाडाच्या उत्पन्नात मोजता येईल असा फरक पडत नाही. कीटक तोच, पान तेच. एका ठिकाणी तो कीड आहे, दुसऱ्या ठिकाणी बागेतील एक रहिवासी आहे.

आजवर वर्णन झालेल्या कीटकांच्या जातींची संख्या सुमारे दहा लाख आहे. त्यांपैकी मनुष्याच्या पिकास, धान्यास, जनावरांस किंवा आरोग्यास उपद्रव देणाऱ्या जातींचे प्रमाण अत्यल्प आहे. असे असूनही बागेत किंवा शेतात कीटक दृष्टीस पडताच त्याचा नाश करण्याकडे आपल्या मनाची स्वाभाविक प्रवृत्ती असते. निरीक्षण हे काम अभ्यासकाचे आणि नियंत्रण हे काम शेतकऱ्याचे, अशी एक समजूतही ह्या प्रवृत्तीस पोषक ठरली आहे. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, निरीक्षण ही नियंत्रणापूर्वीची औपचारिक पायरी नसून नियंत्रणाचेच एक अंग आहे. आणि हे अंग गळून पडले म्हणजे होणारी हानी केवळ पैशांत मोजता येत नाही. निरीक्षकाने विचारावयाचे प्रश्न मुख्यतः चार आहेत : हा कीटक कोणता, त्याची संख्या किती, त्याच्या सोबत दुसरे कोण आहे, आणि त्याच्या जीवनक्रमातील ही अवस्था कोणती. ह्या प्रश्नांचा आता क्रमाने विचार करू.

ओळख

ओळख पटविण्यात होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. उपकारक कीटकास अपकारक समजणे ही पहिली, आणि अपकारकास उपकारक समजणे ही दुसरी. घरच्या बागेत ह्या दोन्ही चुका सहज घडतात.

जास्वंदीच्या शेंड्यावर पुष्कळदा कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. हा पिठ्या ढेकूण होय. त्याच्या अंगावर मेणाचे पांढरे आवरण असते आणि तो झाडातील रस शोषून घेतो. त्याच पुंजक्यांत कधीकधी पांढऱ्या मेणाचे लांब धागे अंगावर वागविणारी, तुलनेने चपळ अशी एक अळी हिंडताना दिसते. पाहणारा तिला मोठ्या आकाराचा पिठ्या ढेकूण समजून सर्वांआधी चिरडतो. वस्तुतः ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते व पिठ्या ढेकणाची अंडी आणि पिले हेच तिचे अन्न असते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातील. १८९८ साली तो कॉफीवरील खवलेकिडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला, आणि आज पिठ्या ढेकणाविरुद्ध त्याची प्रयोगशाळांतून पैदास केली जाते. भक्ष्य आणि भक्षक ह्यांच्या बाह्य रूपात इतके साम्य असल्यामुळे घाईने पाहणारा मित्रास मारतो आणि शत्रूस ठेवतो.

उलट प्रकारची चूक वांग्याच्या झाडावर होते. ढालकिडे उपयुक्त असतात एवढे ऐकून असलेला मनुष्य वांग्याच्या पानावरील ठिपकेदार ढालकिड्यास अभय देतो. परंतु ढालकिड्यांच्या कुलातील एपिलॅक्ना हा गट शाकाहारी आहे. त्याचे प्रौढ व अळ्या पानातील हरितद्रव्य खरवडून खातात आणि पानाची जाळी करून टाकतात. भक्षक ढालकिड्याची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते. एपिलॅक्नाची पाठ बारीक लव असल्यामुळे निस्तेज दिसते. भक्षक ढालकिड्यांच्या बहुतेक अळ्या करड्या-काळ्या, लांबट व चपळ असतात. एपिलॅक्नाची अळी पिवळसर, मंद व अंगावर फाटे फुटलेले काटे असलेली असते. हा भेद एकदा ध्यानी आला की, साध्या डोळ्यांनीही तो ओळखता येतो.

संख्या

ओळख पटल्यानंतरचा प्रश्न संख्येचा. कीडनियंत्रणाच्या शास्त्रात संख्येस जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे श्रेय कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन ह्या चार संशोधकांच्या १९५९ सालच्या निबंधाकडे जाते. त्यांनी दोन मर्यादांमध्ये भेद केला. ज्या संख्येस पिकाची हानी नियंत्रणाच्या खर्चाइतकी होते, ती आर्थिक हानीची पातळी. आणि वाढती संख्या त्या पातळीस पोहोचू नये म्हणून ज्या संख्येस उपाय योजावयाचे, ती आर्थिक मर्यादा. दुसरी मर्यादा पहिलीहून नेहमी खाली असते, कारण उपाय योजण्यास व त्याचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो.

ह्या कल्पनेतील गणित कठीण नाही. समजा, एका एकरावरील फवारणीस औषध व मजुरी मिळून १,२०० रुपये खर्च येतो आणि मालाचा भाव किलोस ६० रुपये आहे. ह्या फवारणीने २० किलोंहून अधिक माल वाचत नसेल, तर ती करणे तोट्याचे होय. फवारणीने १०० पैकी ८० टक्केच हानी टळत असेल, तर संभाव्य हानी २५ किलोंहून अधिक असल्याखेरीज ती परवडणार नाही. आता ओळीच्या एक मीटर लांबीत सरासरी एक अळी असताना एकरी १० किलो हानी होते असे धरले, तर आर्थिक हानीची पातळी मीटरला अडीच अळ्या ही येते. भाव वाढला की ही पातळी खाली येते, मजुरी वाढली की वर जाते. म्हणजेच ‘किती कीटक पुष्कळ’ ह्या प्रश्नाचे उत्तर अंशतः जीवशास्त्रात आणि अंशतः बाजारात असते.

प्रत्यक्ष शेतीसाठी अशा मर्यादा पीकवार ठरविण्यात आल्या आहेत. कपाशीवर मावा पानास सरासरी १०, तुडतुडे २ ते ३, किंवा फुलकिडे १० आढळल्यास उपाय योजावेत अशी शिफारस आहे. येथे ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेताच्या बांधालगतचे एखादे झाड पाहून, किंवा जेथे उपद्रव डोळ्यांत भरतो तेवढीच झाडे पाहून काढलेली सरासरी खरी नसते. कडेच्या ओळी सोडून, शेतात आडवेतिडवे चालत जाऊन, एकरी वीस झाडे कोणतीही निवड न करता घ्यावीत आणि प्रत्येक झाडाची वरचे, मधले व खालचे अशी तीन पाने उलटून पाहावीत. पाने उलटणे आवश्यक आहे, कारण रस शोषणारे बहुतेक कीटक पानाच्या खालच्या बाजूस राहतात.

पदव्युत्तर अभ्यासकांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट असावयास हवी. मावा शेतात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. तो पुंजक्यांनी असतो. अशा वेळी मोजणीतील विचरण हे सरासरीहून बरेच मोठे येते आणि थोड्या झाडांवरून काढलेली सरासरी फसवी ठरते. म्हणून नुसती सरासरी न देता विचरणही द्यावे आणि नमुन्यांची संख्या त्यावरून ठरवावी. कीटक पुंजक्यांनी आहेत हे एकदा कळले, म्हणजे सबंध शेत फवारण्याऐवजी तेवढ्या जागेपुरता उपाय करणे शक्य होते.

नैसर्गिक शत्रू

मोजणी केवळ किडीची केली तर चित्र अर्धेच राहते. माव्याची मादी नराच्या संयोगावाचून पिलांना जन्म देते आणि अनुकूल हवामानात ती पिले आठवड्याभरात प्रजननक्षम होतात. ह्या गतीने वाढ होत राहिली तर एका झाडावरील मावा हंगामात सारी बाग व्यापील. तसे होत नाही, ह्याचे मोठे कारण त्याचे नैसर्गिक शत्रू हे आहे.

कढीपत्त्याच्या किंवा घेवड्याच्या माव्याने भरलेल्या शेंड्याचे भिंग घेऊन पाच मिनिटे निरीक्षण केले, तर हे शत्रू दिसू लागतात. ढालकिड्याची अळी माव्यांच्या रांगेतून एकेक मावा खात पुढे जाताना दिसते. फुलांवर एका जागी तरंगणारी, मधमाशीसारखी भासणारी सिर्फिड माशी आपली अंडी माव्यांजवळ घालते. तिची अळी पाय नसलेली, जळवेसारखी असते व माव्यास तोंडात धरून त्यातील रस शोषते. जाळीदार पंखांच्या हिरव्या क्रायसोपाची अंडी केसासारख्या बारीक देठांवर उभी असतात. काही मावे फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि निश्चल दिसतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढत असते, आणि अशा मृत माव्याच्या पाठीवर गोल छिद्र दिसले तर त्यातून नवी गांधीलमाशी बाहेर पडली असे समजावे. ह्याच शेंड्यावर मुंग्यांची ये-जा असेल तर तीही नोंदवावी. माव्याच्या शरीरातून स्रवणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तेथे येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. अशा वेळी खोडाभोवती चिकट पट्टा बांधून मुंग्यांची वाट अडविली, तर माव्यास हात न लावताही त्याची संख्या घटू शकते.

बागेतील एका शेंड्यावर जे घडते, तेच शेतीच्या विशाल क्षेत्रावर घडू शकते, ह्याचे प्रत्यंतर महाराष्ट्रास ह्या शतकाच्या आरंभी आले. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला. अल्पकाळात तो पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात व कर्नाटकात पसरला. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लोकरीसारखे थर जमत, खालच्या पानांवर चिकटा पडे आणि त्यावर वाढणाऱ्या काजळीसारख्या बुरशीने पाने काळी होत. डोक्याहून उंच वाढलेल्या दाट उसात शिरून पानांच्या खालच्या अंगास औषध पोहोचविणे जवळजवळ अशक्य होते; आणि पोहोचले तरी शेजारच्या शेतातून मावा पुन्हा येई.

अशा स्थितीत मावाग्रस्त पाने बारकाईने पाहणाऱ्यांना त्या लोकरीत रेशमी जाळी विणून राहणारी आणि मावा खाणारी एक अळी आढळली. ती डायफा ॲफिडिव्होरा ह्या पतंगाची अळी होती. तिच्या जोडीस मायक्रोमस इगोरोटस हा तपकिरी जाळीदार पंखांचा भक्षक कीटकही आढळला. ज्या शेतांत हे भक्षक विपुल होते तेथून अळ्या व कोष असलेले पानांचे तुकडे कापून आणून ते नव्याने मावा पडलेल्या उसाच्या पानांस टाचण्यात येऊ लागले. कृषी विद्यापीठे, संशोधन संस्था आणि साखर कारखाने ह्यांनी ह्या भक्षकांची पैदास केली. ईशान्य भारतातील एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही परोपजीवी गांधीलमाशीही पुढे ह्या प्रदेशात आणून सोडण्यात आली. काही हंगामांत लोकरी माव्याची तीव्रता ओसरली. ज्या शेतात भक्षक दिसतात तेथे फवारणी करू नये, हा ह्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा सल्ला होता. आणि तो पाळण्यासाठी शेतकऱ्यास भक्षक ओळखता येणे अपरिहार्य होते.

पपईवरील पिठ्या ढेकणाचा इतिहासही ह्याच सूत्राचे समर्थन करतो. मात्र तेथील परिस्थितीत एक महत्त्वाचा भेद होता. हा कीटक मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. भारतात तो प्रथम २००८ साली कोइमतूर येथे आढळला आणि पुढे तो पुणे परिसरातील पपईपर्यंत पोहोचला. पपईखेरीज तुती, टॅपिओका, जास्वंद अशा अनेक वनस्पतींवर तो जगतो. तो नवागत असल्यामुळे त्यास आवर घालणारे त्याच्या मूळ प्रदेशातील शत्रू येथे नव्हते. म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळूर येथील संस्थेने २०१० साली पोर्टो रिको येथून तीन परोपजीवी गांधीलमाश्या आणविल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी ही मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेली जाती सर्वांत यशस्वी ठरली आणि जेथे ती स्थिरावली तेथे ह्या किडीचा उपद्रव झपाट्याने घटला. लोकरी माव्याच्या बाबतीत शत्रू शेतातच होता व तो ओळखावयाचा होता. पपईच्या बाबतीत तो नाही हे प्रथम ओळखावयाचे होते. दोन्ही निर्णय निरीक्षणावरच अवलंबून होते.

काळ

उपद्रव दिसणे आणि उपाय करण्याची वेळ येणे, ह्या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच वेळी घडत नाहीत. हुमणीचे उदाहरण घ्यावे. ऊस किंवा भुईमूग वाळू लागला, म्हणजे मुळे कुरतडणारी हुमणी शेतकऱ्याच्या लक्षात येते. परंतु तेव्हा ती जमिनीत खोलवर पूर्ण वाढलेल्या अळीच्या रूपात असते आणि कोणताही उपाय तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तिचे भुंगेरे मात्र वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर ह्यांसारख्या झाडांवर पाला खाण्यास व मीलनासाठी जमतात. त्या थोड्या दिवसांत सायंकाळनंतर फांद्या हलवून, खाली पडणारे भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले, तर वर्षभराच्या पैदाशीस आळा बसतो. कारण ह्या किडीची वर्षात एकच पिढी होते. सगळ्या गावाने हे काम एकाच वेळी केले तरच त्याचा पूर्ण लाभ मिळतो.

कपाशीवरील शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत काळाचे महत्त्व ह्याहूनही अधिक आहे. हिची अळी अंड्यातून निघाल्यावर अल्पावधीत कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते, तिचे प्रवेशछिद्र बुजून जाते आणि आत ती सरकी खात राहते. बोंड बाहेरून निरोगी दिसते. ती आत गेल्यावर वरून केलेली फवारणी व्यर्थ होय. म्हणून तिच्यावर नजर ठेवण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत. पहिली, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यास आठ किंवा अधिक नर पतंग सापडणे. दुसरी, फुलांपैकी दहा टक्के डोमकळ्या आढळणे. अळीने पाकळ्या धाग्यांनी आतून बांधल्यामुळे जे फूल उमलत नाही, त्यास शेतकरी डोमकळी म्हणतात. तिसरी, शेतातून वीस हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहणे. त्यांपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिची हानी आढळली, तर मर्यादा गाठली असे समजावे. ह्या तिन्ही रीतींस लागणारे साहित्य स्वस्त आहे. त्यांना हवी असते ती नियमितता.

निरीक्षणावाचून केलेल्या उपायांची किंमत

निरीक्षण वगळून केवळ उपायावर विसंबल्याचे परिणाम इतिहासात नमूद आहेत. कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा आयसेरिया नावाच्या खवलेकिडीने उद्ध्वस्त होऊ लागल्या असता १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून रोडोलिया हा ढालकिडा आणण्यात आला व त्याने ती कीड आटोक्यात आणली. पुढे १९४० नंतरच्या दशकात त्याच बागांतून डीडीटीची फवारणी होऊ लागली. तीत ढालकिडा मेला, आणि जवळजवळ विसरली गेलेली आयसेरिया पुन्हा उसळली. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल पॉल म्युलर ह्यांस १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. औषधाची शक्ती आणि त्याच्या वापरातील विवेक ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या दोन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे स्पष्ट होते.

आपल्याकडे बोंडअळीच्या प्रश्नात हाच धडा वेगळ्या रूपाने मिळाला. २००२ साली भारतात बीटी कपाशीस मान्यता मिळाली आणि २००६ पासून दोन जनुके असलेली वाणे आली. बियाण्यातच संरक्षण आहे ह्या विश्वासाने बोंडे फोडून पाहण्याची सवय मागे पडली. २०१० साली गुजरातमधील बोंडअळीत पहिल्या जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे जाहीर झाले. पुढील काही वर्षांत दोन जनुकांच्या वाणांवरही अळी जगू लागली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा तीव्र उद्रेक झाला. हंगाम संपल्यावर फरदड ठेवून कपाशी उन्हाळ्यापर्यंत शेतात राखण्याच्या प्रथेने अळीस अखंड अन्न मिळत गेले होते.

त्याच २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. उंच व दाट वाढलेल्या कपाशीत, पुरेशा संरक्षक साधनांवाचून, अनेक औषधे एकत्र मिसळून केलेल्या फवारण्यांची चर्चा तेव्हा सर्वत्र झाली. त्या मृत्यूंचे एकच कारण सांगणे योग्य होणार नाही. परंतु अनावश्यक अशी प्रत्येक फवारणी म्हणजे कोणा एका मनुष्याने विषाच्या तुषारांत विनाकारण घालविलेला दिवस होय, हे सत्य मान्य करावेच लागते. जी फवारणी मोजणीअंती टळते, ती पैशांबरोबर मनुष्यासही वाचविते. म्हणूनच वर सांगितलेल्या मर्यादांकडे केवळ हिशेबाच्या दृष्टीने पाहणे अपुरे आहे.

घरातील कीटक

हीच विचारसरणी घरासही लागू पडते. तांदळात किंवा गव्हात सोंडकिडा दिसतो तो त्याच्या जीवनक्रमाचा अखेरचा भाग होय. मादीने दाण्यास छिद्र पाडून आत अंडे घातलेले असते, छिद्र बुजविलेले असते, आणि अळी व कोष ह्या अवस्था दाण्यातच पार पडलेल्या असतात. म्हणून दिसणारे किडे निवडून टाकल्याने धान्य निर्दोष होत नाही. कडधान्यावरील भुंगेऱ्याची अंडी मात्र दाण्याच्या पृष्ठभागावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात आणि त्यांचा प्रादुर्भाव पुष्कळदा शेतातूनच येतो. उन्हाळ्यात धान्यास कडक ऊन देणे, कडधान्यास तेलाचा हलका हात लावणे, कोरड्या व घट्ट झाकणाच्या डब्यात ते भरणे, ह्या आपल्या घरांतील जुन्या चालींस शास्त्रीय आधार आहे. उन्हाने दाण्यातील ओलावा घटतो व आतील अळ्या मरतात. तेलाच्या थराने अंडी गुदमरतात.

डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची वाढ अंड्यापासून प्रौढापर्यंत उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करण्याचा नियम ह्याच कालावधीवर आधारलेला आहे. परंतु ह्या डासाची अंडी भांड्याच्या कडेस चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात; यास्तव भांडे केवळ रिकामे न करता त्याच्या कडा घासून काढणे आवश्यक असते. जीवनक्रमाच्या ज्ञानाने उपाय किती सोपा व नेमका होतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण मानता येईल.

घरच्या बागेसाठी शेतीतील तीव्र औषधे आणणे सर्वथा अनुचित होय. कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकोनी चिन्ह असते आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणाचा निदर्शक असतो. लाल सर्वांत तीव्र, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा असा तो क्रम आहे. परसबागेत पाण्याचा जोरदार फवारा, सौम्य साबणाचे पाणी, ग्रस्त शेंडे खुडणे, अळ्या हाताने वेचणे आणि गरज भासल्यास पाच टक्के निंबोळी अर्क एवढी साधने बहुधा पुरेशी असतात. साबणाचे पाणी फवारण्यापूर्वीही पान उलटून ढालकिड्याच्या अळ्या नाहीत ना, हे पाहावे.

मर्यादा व अभ्यासकांचे कार्य

निरीक्षणावर आधारलेल्या ह्या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जो कीटक विषाणुरोग पसरवितो, त्याच्या बाबतीत अल्प संख्याही घातक ठरते. तेथे नेहमीची मर्यादा लागू पडत नाही. ज्या फळावरील एक डागही बाजार स्वीकारीत नाही, तेथेही तीच स्थिती. शिवाय दर आठवड्यास वीस झाडांची साठ पाने उलटणे हे काम वेळ खाणारे आहे, आणि ज्या शेतकऱ्याच्या हाती मजूर नाही त्याला उपदेश करणे सोपे आहे. किडी शेताचा बांध मानीत नाहीत. एकट्याची दक्षता शेजाऱ्याच्या उपेक्षेने निष्फळ होऊ शकते. ह्या अडचणींमुळेच सामुदायिक टेहळणीची गरज निर्माण होते. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा जो उद्रेक झाला, त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००९ पासून पिकांवरील किडींच्या नियमित सर्वेक्षणाची व सल्ल्याची योजना हाती घेतली. निवडलेल्या शेतांतील ठरावीक मोजणीवरून गावोगावच्या शेतकऱ्यांना वेळीच सूचना देणे, हे तिचे सूत्र आहे.

ह्या कार्यात विद्यापीठीय विभागांस मोठा वाव आहे. अनेक आर्थिक मर्यादा पूर्वीच्या वाणांवर, पूर्वीच्या भावांत आणि नैसर्गिक शत्रूंची गणती न करता ठरविलेल्या आहेत. एका झाडावर इतके मावे असताना इतक्या ढालकिड्यांच्या अळ्या असल्या तर फवारणी थांबवावी काय, ह्या स्वरूपाच्या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पिकासाठी व प्रत्येक प्रदेशासाठी शोधावयास हवीत. त्यासाठी आरंभी मोठ्या साधनांची गरज नाही. दहा पट भिंग, एक वही आणि विभागाच्या आवारातील दहा झाडे पुरेशी आहेत. ही झाडे आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी, शक्यतो सकाळच्या वेळी, सबंध वर्षभर पाहावीत. प्रत्येक नोंदीत तारीख, पाऊस व हवामान, झाडाची वाढीची अवस्था, किडीची संख्या, तिच्या शत्रूंची संख्या आणि मुंग्यांचे अस्तित्व हे रकाने असावेत. काहीच आढळले नाही, तर शून्य लिहावे. रिकामा रकाना आणि शून्य ह्यांचा अर्थ एक नव्हे. ज्या कीटकाची ओळख पटत नाही, त्याची अळी पानासह बरणीत ठेवून ती प्रौढ होईपर्यंत वाढवावी. त्या बरणीतून कधी पतंग निघतो, आणि कधी त्याच्याऐवजी चार सूक्ष्म गांधीलमाश्या निघतात. दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या असतात.

अशी वर्षभराची वही जवळ असलेला विद्यार्थी शेतकऱ्याच्या बांधावर गेला असता, कोणते औषध मारावे ह्या प्रश्नास तो प्रथम पान उलटून उत्तर देऊ लागेल. औषधाची गरज असेल तर ते कोणते, किती आणि केव्हा, हे तो सांगू शकेल. आणि गरज नसेल तर तसे सांगण्याचे धैर्यही त्याला त्या नोंदींतूनच लाभेल.